अंकल, बॉल द्या ना

आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या गावाचा बेसबॉल संघ सूतगिरणीच्या कामगारांनी काढलेला. पुढे गिरणी बंद पडली, संघ मात्र मायनर लीगमध्ये नेटाने हरत राहिला. हा इतिहास मला शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याने सांगितला, आणि दर मॅचला नव्याने सांगितला. प्रेक्षकांत आलेला बॉल झेलणाऱ्याचाच होतो, अशी इथली रीत. म्हातारा लहानपणापासून बॉलची वाट बघत होता. पण बॉल आला की याच्या हातात नेमक्या उकडलेल्या शेंगा. यंदा संघ गाव सोडून कायमचा दुसऱ्या शहरात चालला होता. शेवटच्या मॅचला त्याने शेंगा मुद्दाम घेतल्याच नाहीत.

आमच्या दोघांच्या मध्ये नागपूरहून आलेले माझे सासरे बसले होते. त्यांच्या कंपाउंडमध्ये पडलेला बॉल आळीतल्या एकाही पोराला कधी परत मिळाला नाही, अशी त्यांची ख्याती. "यांची ओव्हर संपते कधी, जावईबापू?" एवढंच ते अधूनमधून विचारत होते.

आणि बॉल आला, थेट म्हाताऱ्याकडे. तो दोन्ही हात पसरून उठला. सासऱ्यांनी मधेच झेप घेऊन एका हाताने झेल टिपला, आणि कीपरकडे टाकावा तसा झपकन मैदानात परत फेकला. मग टाळ्यांची वाट बघत बसले. अख्ख्या स्टँडने हुर्यो उडवली.

"काय बोंबलून राहिले हे लोक?"

मी रीत समजावली. म्हाताऱ्याचे हात अजून पसरलेलेच होते. "थ्रो छान होता," तो म्हणाला. मला सासऱ्यांचा असा राग आला की बायकोचं माहेर बदलता आलं असतं तर त्याच क्षणी बदललं असतं.

सासरे उठले आणि खाली कठड्याशी गेले. त्यांच्या नातवाच्या वयाच्या खेळाडूला, मी कधी न ऐकलेल्या पडेल आवाजात म्हणाले, "अंकल, प्लीज, बॉल द्या ना."

खेळाडू हसला आणि बॉल दिला. म्हाताऱ्याने तो मॅच संपेपर्यंत मांडीवर धरला. संघ शिरस्त्याप्रमाणे हरला.

घरी आल्यावर सासऱ्यांनी नागपूरला सासूबाईंना फोन लावला. "माळ्यावर गोणी आहे. त्यातले बॉल पोरांना देऊन टाक."

"पोरं कुठली आता? लग्नं झाली सगळ्यांची."

सासऱ्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग आहेर म्हणून दे."