सोबतीचं पथ्य

घरात कुणी शिंकलं की आत्याबाईंचं जेवण कमी व्हायचं. शिंकणाऱ्याचं तर व्हायचंच, पण त्यांचं स्वतःचंही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. लहान वयात विधवा होऊन धामणगाव बढ्याला भावाच्या घरी परत आलेली. मामंजींची मूळव्याध उठली की मिरची अन् आंबट बंद, आमच्या यांना हिवताप आला की दही बंद, माझं बाळंतपण झालं तेव्हा तर कच्ची पालेभाजीही बंद. आणि ज्याचं जे बंद, ते आत्याबाईंचंही बंद! "तो बिचारा मन मारून बसला, अन् मी काऊन चवीनं खाऊ?" म्हणत ताटातली लिंबाची फोड बाजूला सारायच्या. भरल्या घरात कुणी ना कुणी आजारी असायचंच. मग काय, बाईंचं पथ्य बारा महिने तेरा काळ.

एवढ्यावर भागतं तरी सोसलं असतं. पण स्वैपाकही त्यांच्याच हातचा. अंबाडी उकळायची, घट्ट पिळायची आणि ते पाणी मोरीत. तांदूळ धुवायचे ते पाणी आरशासारखं होईपर्यंत. "उष्णता पाण्यात गेली, आता बाधत नाई," असं म्हणून समाधानानं पदराला हात पुसायच्या. मी खामगावची, तोंडानं फटकळ. एकदा म्हणाले, "आत्याबाई, मोरीतच जेवाले बसू का? भाजी तर सगळी तिथंच गेली." तर हसून मलाच म्हणतात, "चिडू नको सूनबाई, दूध आटते." कपाळ!

बाळ दोन-तीन महिन्यांचं होईतो माझ्या ओठांचे कोपरे फाटले. जीभ लालबुंद झाली, हळदीचं वरणसुद्धा झोंबायचं. "उष्णता!" आत्याबाईंनी निकाल दिला. मग उरलीसुरली उसळ गेली, भाकरी गेली. ताटात पांढरा भात आणि तूप. समोर बसून त्याही तोच भात खायच्या. त्रास वाढला की ताटातलं आणखी काही जायचं. माहेरी पळून जावं आणि कांदा फोडून झुणका-भाकर हाणावी असं रोज वाटायचं.

आणि मग आत्याबाईंच्याच हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दातण केलं की थुंकी लाल. नडग्यांवर निळे डाग, विळीनं कापलेलं बोट भरेना, पुढचा दात घास खाताना हातात आला. बाई खंगत चालल्या होत्या आणि त्यांचा उपाय एकच, आणखी काहीतरी बंद. ही बाई आता आमच्या डोळ्यांदेखत जाणार, असं वाटायला लागलं.

शेवटी यांनी मलकापुरातून डॉक्टरांना आणलं. नागपूरला शिकलेला तरुण माणूस. त्यांनी माझी जीभ पाहिली, आत्याबाईंच्या हिरड्या पाहिल्या, आम्ही काय खातो ते विचारलं आणि डोक्याला हात लावला. "सूनबाईंना 'ब' जीवनसत्त्व कमी पडतंय," ते म्हणाले. "ज्वारी, सालाची डाळ, मोडाची मटकी, दूध यांत ते असतं. ओठ, जीभ, नसा त्यावर टिकतात. आत्याबाईंना 'क' हवंय. आवळा, पेरू, लिंबू, कच्ची पालेभाजी. त्याशिवाय हिरड्या धरत नाहीत, जखम भरत नाही. ही दोन्ही पाण्यात विरघळतात, आणि तुम्ही ते पाणी ओतून देता. अंगात ती फारशी साठतही नाहीत, रोजच्या रोज खायला हवीत."

आत्याबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. डॉक्टरांची बैलांची दमणी वळताच म्हणाल्या, "पोरगा गुणाचा हाय. पण दादाले आंबट बंद हाय. त्याच्या म्होरं मी आवळे खात बसली, तर बरं दिसते का?"

भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. जिवावर बेतलंय आणि बाईला बरं दिसण्याची पडलीय!

रागाच्या भरात मी बोलून गेले, "मंग माह्यं ऐका. डॉक्टरनं मलेच पथ्य सांगतलं हाय. नुसता भात-तूप बंद. रोज आवळा, लिंबू, कच्ची मेथी अन् ज्वारीची भाकर."

"अव माय! असं कसं पथ्य?"

"कडक हाय. एकटीच्यानं निभत नाई."

झालं! दुसऱ्या दिवशी माझ्याआधी आवळा घेऊन बसल्या. तोंड वाकडं, डोळ्यांत पाणी. "लयच कडक पथ्य हाय व तुह्यं," म्हणाल्या, पण आवळा संपवला. थोड्याच दिवसांत रक्त थांबलं, पुढं बोटही भरलं. अंबाडीचं पाणी मात्र त्या ओतायच्या ते ओतायच्याच. मी मोरीपाशी पातेलं धरून उभी राहायचे आणि ते वरणात घालायचे.

पुढं बरीच वर्षं जगल्या. शेवटच्या दुखण्यात पोटात काही ठरेना, नुसतं चमच्यानं पाणी. मी उशाशी बसून होते. दुपार टळली तेव्हा डोळे उघडून त्यांनी विचारलं, "जेवली का व?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"काऊन?"

"तुमाले बंद हाय ना," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

मोठ्या कष्टानं हात उचलून त्यांनी माझ्या गालावर हलकीशी चापट मारली. "पागल. ऊठ, भाकर खा. लिंबू घेजो संगं."

मी उठले. चुलीपाशी बसून रडत रडत भाकर खाल्ली, लिंबू पिळून. परत आले तर म्हणाल्या, "हात आण." माझी बोटं त्यांनी नाकाशी नेली. लिंबाचा वास आला, तेव्हा कुठं डोळे मिटले. दिवेलागणीला त्या गेल्या.