पहिल्या सिझरचा कागद

आज दुपारी माझी धाकटी जाऊ प्रणाली बाळंत झाली. मुलगी झाली. तीन वर्षांपूर्वी मुलाच्या वेळी तिचं सिझर झालं होतं. या वेळी नॉर्मल.

"एकदा पोट फाडलं का दरवेळी फाडाच लागते," असं आमच्या दवनीवाडा गावात प्रत्येकीने तिला ऐकवलं होतं.

सकाळी कळा सुरू झाल्या. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "पहिल्या सिझरचा कागद आहे?"

सासूबाईंनी तो पिशवीतून काढला. रेशन कार्डासोबत त्यांनी तोही लॅमिनेट करून आणला होता, तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

डॉक्टरबाईंनी तो नीट वाचला. पहिल्या वेळी बाळ पायाळू होतं, म्हणून सिझर झालं होतं. गर्भाशयावरचा छेद खालच्या बाजूला, आडवा होता. त्या म्हणाल्या, "या वेळी बाळाचं डोकं खाली आहे, आणि असा छेद सहसा कळा सोसतो. नॉर्मलचा प्रयत्न करू. लक्ष ठेवू. गरज पडली तर लगेच ऑपरेशन."

गरज पडली नाही.

शेजारच्या खाटेवरची मुलगी रडत होती. कालच सिझर झालेलं. आपल्याला साधं बाळंतपण जमलं नाही, म्हणत होती. सासूबाई नातीला घेऊन तिच्याजवळ गेल्या.

"रडून काऊन राहिली वो? पोट चिरून लेकरू हाती आणलं, हे का कमी होय? आता दीड महिना धानाच्या रोवण्याले जाऊ नोको, जड उचलू नोको. अन् कागद मांगून घे."

तेवढ्यात तिचा नवरा डबा घेऊन आला. ती डोळे पुसत म्हणाली, "डबा राहू द्या. आधी माझा कागद आणा."

मैत्रिणींनो, तुमचं सिझर नेमकं कशासाठी झालं, ठाऊक आहे? कागद कुठे आहे?