शशीबाईंचा झेंडा

शशी टिपणीसला जगातली निम्मी माणसं लबाड वाटायची आणि उरलेली मूर्ख. इंग्लंडात कॉव्हेंट्रीतल्या एका सिक्स्थ-फॉर्म, म्हणजे अकरावी-बारावीच्या कॉलेजात ती केमिस्ट्रीची लॅब टेक्निशियन. बीकर धुवायचे, बाटल्यांना लेबलं लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायची. मंडळाच्या गणपतीला जायची ती मोदकांना नाक मुरडायला. चौपन्न वर्षांत तिने एकाच माणसाला शंभरपैकी शंभर मार्क दिले होते, आणि तो माणूस म्हणजे ती स्वतः.

बुधवारी दुपारी ती मुलींच्या फुटबॉल टीमची लाइन्समन व्हायची. या लीगमध्ये रेफरी एकच मिळतो. झेंडेवाला ज्याचा त्याने आणायचा. तो आपल्या बचावाच्या बाजूला कडेने पळतो. समोरची मुलगी, तिच्याकडे चेंडू मारला त्या क्षणी, बचावातल्या शेवटच्या मुलीच्या पुढे असली, की ऑफसाईड म्हणून झेंडा वर. आता आपल्याच माणसाच्या हाती झेंडा दिल्यावर व्हायचं तेच होतं. आपला गोल वाचवायला सगळेच अधूनमधून खोटा झेंडा दाखवतात. शशीने चौदा वर्षांत एकदाही दाखवला नव्हता. त्यापायी टीम तीनदा हरली होती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची. रेफरीही म्हणायचे, शशीचा झेंडा वर गेला की आम्ही विचारत नाही, शिट्टी मारतो.

तिचा खरा दात होता नॉटिंगहॅमच्या झेंडेवाल्यावर. मनाशे पेणकर, मुंबईहून आलेला बेने इस्रायली, गणिताचा रिटायर्ड मास्तर, वय बहात्तर. आठ वर्षांपूर्वी सीझनच्या शेवटच्या मॅचला त्याने शशीच्या टीमचा गोल ऑफसाईड दिला आणि लीग हातची गेली. शशी तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथून तिला काय कप्पाळ दिसणार! पण पेणकर खोटारडा, हे तिने तिथूनच ठरवून टाकलं. दर सप्टेंबरला नव्या मुलींना ती ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायची. पेणकर बिचारा भेटला की विचारायचा, "शशीबाई, कशा आहात?" ती "फाइन" म्हणून पाठ फिरवायची.

यंदा टीम हरलीच नाही. फेब्रुवारीच्या चिखलात दोन मॅच बरोबरीत सुटल्या, बाकीच्या कॅप्टन मायराने जिंकून दिल्या. मार्चअखेर शेवटची मॅच नॉटिंगहॅमला, त्यांच्या मैदानावर. बरोबरी झाली तरी लीग शशीच्या कॉलेजची, हरले तर पेणकरच्या कॉलेजची. जाताना मिनीबसमध्ये शशीने मुलींना पुन्हा बजावलं, "त्या पेणकरवर नजर ठेवा. वन्स अ चीट, ऑलवेज अ चीट. असली माणसं सुधारत नसतात."

शेवटच्या मिनिटापर्यंत एक-एक. मग नॉटिंगहॅमच्या नोआला मधून लांब पास आला. नोआ ही पेणकरची नात. पास निघाला तेव्हा बचावात शेवटी मायरा होती आणि नोआ तिच्या चांगली हातभर मागे, म्हणजे ऑनसाईड. शशी अगदी रेषेत उभी होती; इतकं स्वच्छ तिला चौदा वर्षांत कधी दिसलं नव्हतं. चेंडू जाळ्यात गेला. पलीकडे पेणकर दोन्ही हात वर करून म्हाताऱ्या पायांनी उड्या मारत होता. ते पाहिलं आणि शशीचं डोकं फिरलं. हा माणूस जिंकणार? हा?

तिने झेंडा वर केला.

रेफरीने वळून पाहिलं. झेंडा शशीचा. त्याने विचारलंसुद्धा नाही. गोल रद्द झाला, मिनिटभरात मॅच संपली आणि मायराने शशीला मिठी मारली.

शशी झेंडा गुंडाळत होती तेवढ्यात मागून नोआचा रडका आवाज आला. "आजोबा, मी ऑनसाईड होते! आय स्वेअर, मी तिच्या मागे होते!"

"शशीबाईंनी झेंडा वर केला ना?" पेणकर म्हणाला. "मग संपलं. तुझं चुकलं असेल, माझंही चुकलं असेल. ती बाई लबाडी करत नाही."

मग तो मैदान ओलांडून आला आणि त्याने हात पुढे केला. "अभिनंदन, शशीबाई."

शशी 'फाइन' एवढंच पुटपुटली. तिने कसाबसा हात मिळवला आणि ती मिनीबसमध्ये जाऊन बसली. लाज वाटली तिला, नाही असं नाही. चांगली मोटरवे लागेपर्यंत वाटली.

मग मागच्या सीटवरून मायरा ओरडली, "मिस, पेणकरची ती चीटिंगवाली स्टोरी सांगा ना! वन मोर टाइम!"

सगळ्या मुली टाळ्या पिटायला लागल्या. शशीने घसा साफ केला आणि गोष्ट सांगितली, अगदी पहिल्यापासून, एकही शब्द न गाळता.