झोपवलेल्या बिया

माझी वहिनी कमी बोलते आणि मी जास्त, म्हणून तिची गोष्ट मलाच सांगावी लागते. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा शर्टांच्या कारखान्यात काजं करायची. हाताला वेग असा, की बघणाऱ्याचे डोळे दुखावेत. मग आईला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. भावाची नोकरी फिरतीची, माझा संसार शहराच्या दुसऱ्या टोकाला, मी येऊन-जाऊन. काम सोडून घरी कोणी बसायचं हे काही बैठक घेऊन ठरलं नाही. ते वहिनीच्याच गळ्यात पडलं.

आई बियांचे दागिने करायची. माझ्या लग्नानंतर घर खायला उठलं, तेव्हा कुठूनसा तिने हा उद्योग शिकून घेतला. लाल टपोऱ्या बिया, करवंटीच्या चकत्या, शिंपले, सगळ्याला बारीक भोकं पाडून दोऱ्यात ओवायचं. मी त्याला कचरा म्हणायचे. बाजारातली दुकानदारीण मात्र तिच्या माळांची वाट बघत बसायची. आता ते हात पडून राहिले, आणि वहिनीने मनावर घेतलं की आईचं कसब आईबरोबर जाता कामा नये. "तुम्ही शिकवा, मी शिकते," ती म्हणाली. कोणाला, तर बोलता न येणाऱ्या बाईला. मी कपाळाला हात लावला.

आईकडे शब्द उरले होते तीन. हो, नको आणि झोपव.

तरी शिकवणी चालली. आईला उशा लावून खुर्चीत बसवायचं, पुढ्यात बियांचं ताट. वहिनी एकेक बी उचलून धरायची आणि विचारायची. भोक पोटातून पाडू का, हो. दोन बियांमध्ये गाठ नको ना, नको. चुकलं की आई डाव्या हाताने बी उडवून द्यायची. एकदा ती थेट माझ्या चहात पडली. म्हटलं, बाईची वाचा गेली पण तोरा काही गेला नाही.

एकाच जागी गाडी अडायची. वहिनीने भोक पाडायचं गिरमिट हातात घेतलं रे घेतलं, की आई म्हणायची, "झोपव."

वहिनी काम टाकून उठायची. आईला कवेत घेऊन पलंगावर आडवं करायची, पांघरूण घालायची. आई तोंड फिरवायची आणि "झोपव, झोपव" करत मुठीने पलंगाची पट्टी बडवायची.

"अहो आई, झोपवलंय ना तुम्हाला," वहिनी रडकुंडीला येऊन म्हणायची.

डॉक्टर म्हणाले, अशा रुग्णांना थकवा येतो, चिडचिड होते, आराम द्या. मग आम्ही आणखी आराम दिला. मी खिडकीला जाड पडदे आणून लावले. आई त्या अंधारात रडायची आणि आम्ही दोघी आळीपाळीने तिचे डोळे पुसायचो. दुसरं करणार काय?

माळा मात्र झाल्या, आणि देखण्या झाल्या. दुकानदारीण म्हणाली, "सासूबाईंचाच हात दिसतोय गं." त्या दिवशी वहिनी घरी आली ती हसतच. त्यातलीच एक माळ तिने आईच्या गळ्यात घातली. आईने ती ओढून काढायचा प्रयत्न केला, तेव्हा आम्हाला वाटलं, टोचत असेल, होईल सवय.

काही महिन्यांनी दुकानदारीण स्वतः खोकं घेऊन दारात आली. बियांना आतून कीड लागली होती. माळ उचलली की पीठ गळत होतं. ती एका शब्दाने रागावली नाही, तेच जास्त लागलं. वहिनी धावत आत गेली. आईच्या गळ्यातल्या माळेतूनही गाऊनवर ते पिवळट पीठ सांडलेलं होतं.

आईला पहिल्यापासून बिया पुरवणारा बियांवाला पुढच्या खेपेला पोतं घेऊन आला. त्याने खोक्यात डोकावून बघितलं. "झोपवल्या नव्हत्या का?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"तापल्या वाळूत घोळवतात, त्याला आम्ही झोपवणं म्हणतो. झोपवलेली बी रुजत नाही, किडत नाही. आहे तशी राहते. तुमच्या आईंना तर पक्कं ठाऊक होतं."

वहिनीने खोक्याचं झाकण लावून टाकलं. माझी आतल्या खोलीकडे बघायची हिंमत होईना. इतके महिने ती बाई जिवाच्या आकांताने एकच गोष्ट सांगत होती, आणि आम्ही तिला उचलून अंथरुणात टाकत होतो.

त्याच दुपारी वहिनीने आईची खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी आणली. कढईत वाळू तापवली, बिया सोडल्या, झाऱ्याने हलवत राहिली. गार झाल्यावर मूठभर बिया आईच्या डाव्या हातात दिल्या.

"आई, झोपवल्या. बघा."

"हो," आई म्हणाली. मग पुन्हा हो, पुन्हा हो. मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क हसायला लागले. वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

मग आईने ती बियांची मूठ स्वतःच्या छातीवर ठेवली. "झोपव," ती म्हणाली.

वहिनीने गॅस बंद केला आणि खुर्ची पलंगाकडे वळवली.

"नको." आईने मान हलवली. कढईकडे बघितलं आणि मूठ पुन्हा छातीवर दाबली. "झोपव."

"दमली असेल," मी म्हणाले. माझंच मला खरं वाटलं नाही.

वहिनी खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. "आई, तेवढं मागू नका," ती म्हणाली. "माणसाला तसं झोपवणं मला नाही येत." ती मूठ सोडवायला गेली, तर आई सोडेना. मी भिंतीला टेकून उभी होते.

आता वहिनीच्या माळांना कीड लागत नाही. दुकानदारीण पुन्हा घ्यायला लागली आहे. रोज वहिनी ताट पुढ्यात ओढते, गिरमिट हातात घेते, आणि मागच्या खुर्चीतून तो शब्द येतो.

"झोपवल्यात, आई," वहिनी म्हणते.

आई म्हणते, "नको."