वैजनाथचा गेम आणि माझं जपानी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढे हात जोडले तरी या एका गोष्टीला वळसा घालून पुढे जाते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा आता हे आत मावत नाही, म्हणून.

परीक्षेपासून सुरुवात करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे. मी मूळची हदगावची, लग्नानंतर नांदेडला आले. पुण्याच्या एका सरांकडे जपानी शिकले. त्या परीक्षेला पाच पायऱ्या असतात — पाचवी सगळ्यात खालची, पहिली सगळ्यात वरची. मी चौथी पास झाले आणि तिसरीला दोनदा आपटले. घरी मात्र सांगितलं की दुसरी पास झाले. आईनं पेढे वाटले. गल्लीत मी जपानीवाल्या मॅडम झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. नांदेडात ती उघडायला कोण येणार होतं? जपानी यंत्रांची माहितीपत्रकं मराठी-हिंदीत करून द्यायची, शब्दकोश आणि भाषांतराचं मशीन हाताशी. निभत होतं.

निभलंही असतं. पण आमच्या वरच्या खोलीत वैजनाथ भाड्यानं राहायला आला.

वैजनाथ रेणापूरचा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. पहिल्याच महिन्यात ताई म्हणायला लागला, राखीला हात पुढे करून बसला. इंजिनिअरिंग झालेलं, नोकरी सोडलेली, आणि तीन वर्षं खपून त्यानं एकट्यानं एक व्हिडिओ गेम बनवला होता. त्यात खेळणारा म्हणजे एसटीचा कंडक्टर, गाडी लातूर-रेणापूर. कोण कुठं उतरणार ते लक्षात ठेवायचं, म्हातारीला जागा करून द्यायची, कोंबडी घेऊन चढलेल्याशी हुज्जत घालायची. त्याचे बाबा खरंच कंडक्टर होते. गेममध्ये मधूनमधून "चला, पुढं सरका" असं ऐकू येतं ना, तो आवाज त्यांचा. अख्ख्या रेणापुरात त्यांनी सांगून ठेवलं होतं की माझा आवाज आता जपानला चालला.

जपानच का — तेही सांगते. तिथं एक कन्सोल होता, हातात धरून गेम खेळायचं यंत्र, नाव नको. कन्सोलचं गणित आमच्या हदगावच्या बाजारासारखं असतं. बाजाराच्या दिवशी माणसं काय मैदान बघायला येतात? भाजीवाले येतात, बांगडीवाले येतात, म्हणून माणसं येतात. कन्सोलची कंपनी मैदानाची मालक. तिचे स्वतःचे गेम चार-दोनच, बाकी सगळे बाहेरच्या कंपन्यांचे. त्यांना थर्ड पार्टी म्हणतात. या कन्सोलवरून मोठमोठ्या थर्ड पार्टी एकेक करून उठून गेल्या होत्या आणि खप घसरत चालला होता. म्हणून कंपनीनं छोट्यांसाठी दार उघडलं, की कुणीही या, आम्ही मदत करू. वैजनाथसारख्या एकट्या माणसाला एरवी दारात कोण उभं करणार होतं? अट एकच. सगळा पत्रव्यवहार जपानीत, आणि संपर्काला जपानी येणारी एक व्यक्ती हवी.

"ताई, तुमच्यामुळं जमून राहिलं हे," तो म्हणाला. मला किती बरं वाटलं होतं, काय सांगू.

दर आठवड्याला मी तिकडच्या खपाचे आकडे वाचायची. कन्सोल बुडत होता, ते चौथी पासलाही कळत होतं. त्याला सांगायची, थोडं खाली-वर चालतंच. त्याचा चेहरा पडलेला मला बघवत नसे — असं मी स्वतःला सांगायची.

मग जानेवारीत ईमेलवर पत्र आलं. खप इतका उतरलाय की मार्चनंतर या कन्सोलवर बाहेरच्यांचे नवे गेम घेणार नाही, असं त्यात होतं. तुमचा गेम तयार आहे, फक्त वयोगटाच्या दाखल्याचा, म्हणजे गेम कोणत्या वयाच्या मुलांना चालेल त्याचा, फॉर्म भरून द्या, त्वरा करा. मला पत्र कळलं नाही असं समजू नका. शब्द न् शब्द कळला. अडलं ते फॉर्मवर. गेममध्ये भांडण आहे का, असल्यास कोणत्या स्वरूपाचं, याचा खुलासा अदबीच्या जपानीत करायचा. कोंबडीवरून होणारी हुज्जत अदबीच्या जपानीत कशी लिहितात? मशीनचं पाठवलं तर ते ओळखतील. माझं पाठवलं तर माझी चौथी पायरी उघडी पडेल. सरांना विचारावं, तर मी कुठली परीक्षा पास झालेय हे त्यांनाच तर माहीत. उद्या करू, म्हटलं. परवा करू.

"ताई, फॉर्म गेला का?"

"गेला."

एवढंच बोलले मी. तिकडून आठवणीचं पत्र आलं, मग दुसरं. दोन्ही मी वाचून मिटली. मार्च संपला.

तुम्हाला वाटेल हाच तो गुन्हा. मलाही पुष्कळ दिवस असंच वाटून घ्यायचं होतं. घाबरतं माणूस, चालढकल करतं — कुणाच्या हातून होत नाही? पण हा तो नाही.

एप्रिलमध्ये त्यानं विचारलं, काय म्हणाले ते? दार बंद झालं एवढं सांगून भागलं असतं का? फॉर्म गेला होता ना, मग कसं बंद झालं, असं त्यानं विचारलं असतं. माझ्या पाचावर धारण बसली. मग मी जेवणाच्या टेबलावर बसून, त्यांच्या नकाराचं भाषांतर म्हणून दाखवायला, एक पत्र तयार केलं. कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि मी जपानी साहेबाच्या तोंडी मराठी घालत होते. आमच्या तीन जणांनी आपला गेम खेळून पाहिला. कल्पनेत नावीन्य नाही. त्यातला माणसाचा आवाज कर्कश आहे. जपानी खेळाडूंना यात गोडी वाटणार नाही. — आवाजाचं का घातलं? खरं वाटावं म्हणून. नुसता नकार खोटा वाटला असता. लबाडी पटायला बारकावे लागतात, आणि ते मला सुचले. फॉर्मवर एक ओळ सुचत नव्हती, ते सुचले.

तो उभ्या उभ्याच वाचत होता. "बाबांचा आवाज न्हाई आवडला व्हय त्यांना?" एवढंच विचारलं त्यानं. मग कागदाची नीट घडी घातली आणि वर गेला.

मेमध्ये खोली सोडली. लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागला. त्याचे बाबा आधी विचारायचे म्हणे, जपानचं काय झालं. मग त्यांनीही विचारणं सोडलं.

आणि जूनमध्ये जपानहून खरं पत्र आलं.

फॉर्म आला नाही याचं आम्हाला फार वाईट वाटतं, आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत वाट पाहिली, असं त्यात होतं. आमचा नवा कन्सोल येतोय, त्यावर हा गेम आणा, नव्यानं अर्जही नको. आणि खाली पत्र लिहिणाऱ्या बाईंनी आपल्या मनचं लिहिलं होतं — आमच्या विभागात दारात कुणी अडून उभं राहिलं की मागचा माणूस तुमच्या गेममधलं "चला, पुढं सरका" म्हणतो. अर्थ आम्हाला माहीत नाही. सगळे हसतात आणि सरकतात.

मी उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं तर आधी वैजनाथला सगळं सांगायला हवं होतं. त्या बाईंनी आणखी दोनदा लिहिलं. मग पत्रं बंद झाली.

त्या वर्षी मी लातूरला गेले होते. त्याच्या क्लासच्या फाटकापर्यंत गेले. आत तो फळ्यावर लिहीत होता, खिडकीतून दिसत होतं. किती वेळ उभी होते कोण जाणे. तशीच परत फिरले आणि नांदेडची गाडी धरली. वाटभर रडले. रडून काय होतंय? एकदा तो फोनवर म्हणाला होता, "ताई, खरं सांगा, लई वाईट होता का हो गेम?" तेव्हा तरी? तेव्हाही मी म्हणाले, तिकडच्या लोकांना नाही पटला रे. मी त्याला त्याच्याच हुन्नराबद्दल खोटं सांगितलं, एकदा नव्हे, दर वेळी, आणि त्यानं ते मानलं. कारण ताई जपानी शिकलेली.

या दिवाळीला त्याचा फोन आला. फराळाचं बोलणं झालं, बाबांच्या गुडघ्याचं झालं. मग सहज म्हणाला, "तो गेम काल पुसून टाकला बघा. कुठंच न्हाई ठेवला. पोरांच्या प्रश्नपत्रिकांना कॉम्प्युटर लागून राहिला, उगं कशाला अडवून ठेवायचा?"

त्या बाईंचं जूनचं पत्र अजून माझ्याच फोनमध्ये होतं, कानाला लावलेल्या.

मी म्हणाले, "बरं केलंस."

"हाव ताई," तो म्हणाला, आणि मुलं कशी आहेत ते विचारलं.