गॅरेजवाल्या आत्याचे दोन आकडे

गल्लीच्या तोंडाशी असलेलं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आत्याचं. वडिलांच्या मागे भावाने ऑफिसची खुर्ची पसंत केली आणि पाने-पकडी हिच्या गळ्यात पडल्या. त्या तिने अशा पेलल्या, की भावाच्या पोरांचीच काय, सगळ्या गल्लीची ती आत्या झाली. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ती दुखणं ओळखायची. गिऱ्हाइकाने विचारलं, "किती होतील?" की उत्तर ठरलेलं, "इंजिन खोलल्यावर कळेल." गिऱ्हाईक मुकाट्याने किल्ली ठेवून जायचं.

मग तिच्या नवऱ्याच्या पित्ताशयात खडे निघाले. हा शिंपीकाम करणारा, मुलखाचा सोशीक माणूस. पण एका दुपारी अशी कळ आली, की शिवणयंत्रावरून उठून तो जमिनीवर लोळला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, "ऑपरेशन करून टाका. आत्ता हाताशी थोडे दिवस आहेत. पुढची कळ आली तर दिसेल त्या हॉस्पिटलात धावाल, तेव्हा खर्च विचारायला सवड नसेल."

आत्याने ते मनावर घेतलं. नवऱ्याला घेऊन ती मोठ्या हॉस्पिटलात गेली. बिलाच्या काउंटरवर टायवाला तरुण बसला होता.

"पित्ताशय काढायचा खर्च किती?"

"आधी ॲडमिट व्हा, मग अंदाज सांगतो."

"अहो, ॲडमिट झाल्यावर अंदाज ऐकून काय करू? सलाइन घेऊन पळू?"

"खोली कुठली घेताय त्यावर आहे. साधी की एसी?"

"खोलीचं भाडं वेगळं, कळलं. ऑपरेशनचं बोला."

"सर्जनची फीसुद्धा खोलीप्रमाणे वाढते."

"का बुवा? एसी खोलीतले खडे जास्त चिवट असतात?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. नवऱ्याने बाही ओढली. "अगं, हळू बोल. इथेच पोट द्यायचंय. रागावले तर टाके कसे घालतील?"

"टाके हा नाही घालत. हा नुसत्या पावत्या फाडतो."

तरुणाने मान वर केली, आणि त्याचे डोळे चमकले. "तुम्ही गॅरेजवाल्या आत्या ना? माझी स्कूटर तुमच्याकडेच येते. मी विचारलं होतं, किती होतील. काय म्हणालात? खोलल्यावर कळेल! मग पोट न खोलता मी कसं सांगू?"

आता अख्खी रांग हसली. आत्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती बाकावर जाऊन बसली. पोरगं खोटं बोललं नव्हतं. पण इंजिन खोलायच्या आधी तिला खरंच काही कळत नसे का? आवाजावरून दोन आकडे मनात तयार असत. ते बोलून दाखवले तर गिऱ्हाईक पलीकडच्या गॅरेजात जाईल, म्हणून ती गप्प राही. यांचंही तेच असणार.

"चल घरी," नवरा म्हणाला. "पुरे झाली शोभा."

"थांबा हो." ती पुन्हा काउंटरशी गेली. "बरोबर बोललास बाळा. इंजिनच्या नुसत्या रिंगा बदलून भागलं तर एक आकडा, अख्खा सिलिंडर करावा लागला तर दुसरा. मला दोन्ही ठाऊक असतात. उद्यापासून आधीच सांगेन. तू आज सांग."

"आमच्याकडे तशी पद्धत नाही, आत्या."

"मग समोर विचारते."

समोरच्या छोट्या हॉस्पिटलातल्या सर्जन बाई तिच्या प्रश्नाने क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "दुर्बिणीने निघालं तर एवढे, चीर द्यावी लागली तर एवढे. खोली कुठलीही घ्या, माझी फी तीच."

"आणि आत भलतंच काही निघालं तर?"

"बाहेर येऊन तुम्हाला सांगेन. अगदी जिवावर बेतलं तरच आधी हात चालवेन."

आत्या पुन्हा रस्ता ओलांडून आली. "समोरून दोन्ही आकडे मिळाले."

तरुण सावरून बसला. "किती सांगितले?"

"ते नाही सांगणार. तू तुझे सांग."

त्याने वर फोन लावला. मघाशी ॲडमिट झाल्याशिवाय कळणारच नव्हता, तो आकडा चुटकीसरशी खाली आला. समोरच्यापेक्षा कमी.

"घेऊन टाक," नवरा कुजबुजला.

"आणि चीर द्यावी लागली तर?" आत्याने विचारलं.

"ते तेव्हा बघू."

"मग राहू दे."

ऑपरेशनच्या दिवशी ती छोट्या हॉस्पिटलच्या दाराशी उभी होती. बाकावर बसवत नव्हतं. दार उघडून सर्जन बाई बाहेर आल्या.

"सूज फार आहे. दुर्बिणीने सुटत नाहीये, चीर द्यावी लागेल."

म्हणजे दुसरा आकडा. तो आत्याला आधीच ठाऊक होता. पैशांचं विचारायचं काही उरलंच नव्हतं.

"द्या," ती म्हणाली. "हे ठीक आहेत ना, तेवढं सांगा."

"ठीक आहेत. गाढ झोपलेत."

"मग जा बाई तुम्ही. माझ्याशी बोलत कशाला थांबलात?"