थर्माकोलचा उजेड

लिहिण्याचा माझा अधिकार नाही, क्षमा असावी. बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली त्या वर्षी धाड गावाजवळ एका शेतकरी बाईची मुलाखत चित्रित होत होती. वाट दाखवायला मी गेलो होतो. लग्नांच्या शूटिंगमधला एक दिवेवाला बोलावला होता. प्रत्येक दिव्याचा उजेड तो आधी स्वतःच्या तळहातावर घेऊन पाही.

दिग्दर्शक म्हणाले, “अर्धा चेहरा अंधारात ठेव. दुःख दिसलं पाहिजे.”

बाई कळवळली, “नका हो भाऊ! सासरी लेक पाहीन मले टीव्हीवर. माय खंगली म्हणून जीवाले लावून घेईन.”

दिवेवाल्याने पांढरा थर्माकोल तिच्या गालाजवळ धरला. त्यावरून उजेड परतला आणि सावली निवळली.

“काढ ते!”

“अंधार कवाही करता येते, साहेब. पहिले बाईचं तोंड दिसू द्या.”

त्याने हात हलवला नाही. बाईचे म्हणणे मीही ऐकले होते, पण गप्प राहिलो. आपण काय केले असते?